सांभाळ ही शिकायची गोष्ट

फ्रँकफर्टमध्ये रेल्वेत कारकुनी करणाऱ्या कार्ल डेटर यांच्या घरात १९०१ साली भांडणं सुरू झाली, ती संशयावरून. पन्नाशीच्या त्यांच्या पत्नी ऑगस्टे म्हणू लागल्या, की नवऱ्याचं शेजारणीशी सूत जमलंय. पाठोपाठ स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू भलत्याच जागी लपवल्या जाऊ लागल्या, रात्री-अपरात्री आरडाओरडा होऊ लागला. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांना शहरातल्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. तिथल्या आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरं टिपून ठेवली. पानात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं; काय खाताय, असं विचारल्यावर ऑगस्टे म्हणाल्या, पालक. नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. नाव लिहायला दिलं, तर ते पुरं झालं नाही.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे गेल्या. तोवर अल्झायमर म्युनिकला आले होते. तिथे त्यांनी ऑगस्टेंच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत वळलेले धाग्यांचे गुंते नोंदवले आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या परिषदेत ते मांडले. श्रोत्यांपैकी कोणीही प्रश्न विचारला नाही. १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

कार्ल डेटर यांच्याविषयी मात्र फारसं लिहिलं जात नाही. रुग्णालयाचा खर्च त्यांना झेपेना. पत्नीला कमी खर्चाच्या ठिकाणी हलवावं म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा विनंत्या केल्या, पण अल्झायमरना ही रुग्ण नजरेआड होऊ द्यायची नव्हती. शेवटी खर्चाची सोय आणि त्या बदल्यात रुग्णाची कागदपत्रं, असा तोडगा निघाला. घरातली भांडणं, रात्रींची जागरणं, पैशांची ओढाताण आणि ‘आता हिला ठेवायचं कुठे’ हा प्रश्न, हे सगळं आजाराच्या पहिल्याच नोंदीत आहे. ही प्रस्तावना ज्या पुस्तकासाठी लिहिली आहे, ते कार्लसारख्यांसाठी आहे: ज्यांना स्वतःला आजार नाही, पण ज्यांचं आयुष्य त्याने व्यापलंय.

आपल्याकडेही हा आजार घरात शिरतो तो बहुधा भांडणाच्याच रूपात. सासूबाई शेजारच्या ब्लॉकमध्ये जाऊन सांगतात, की सून जेवायला देत नाही. जेवून उठून त्यांना अर्धा तासही झालेला नसतो. पाटल्या सापडत नाहीत, संशय कामाला येणाऱ्या बाईंवर जातो, त्या अपमान सहन न होऊन काम सोडतात, आणि महिन्याभराने पाटल्या तांदळाच्या डब्यात निघतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले वडील दूधवाल्याला दोनदा पैसे देतात आणि विजेचं बिल भरायचं राहतं. मुलगा चिडतो, ‘मुद्दाम करतात’ म्हणतो. नातेवाईक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतात. कोणी म्हातारचळ म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. मेंदूला काही झालं असेल, हे शेवटी सुचतं. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि मनं दुखावलेली असतात.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांनी गोव्यात ज्येष्ठांशी आणि आरोग्यसेवकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवल्यावर लोकांनी ते लगेच ओळखलं. अशी माणसं त्यांच्या पाहण्यात होती. पण हा आजार आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. काहींच्या मते हे म्हातारपणच होतं. काहींच्या मते मुला-सुनांनी हेळसांड केली, माया दिली नाही, म्हणून माणूस असा झाला. या दुसऱ्या उत्तराचा अर्थ सरळ आहे: घरात आजारी माणूस आहे आणि त्याला सांभाळणारी बाई गावाच्या नजरेत आरोपी आहे. सून जेवायला देत नाही, यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसायला वेळ लागत नाही, कारण गोष्ट ओळखीची असते.

नामवंतांचीही यातून सुटका झाली नाही. हॉलिवूडच्या रिटा हेवर्थला संवाद आठवेनासे झाले, तेव्हा लोकांनी दारूकडे बोट दाखवलं. अल्झायमरचं निदान झालं तेव्हा १९८० चं दशक उजाडलं होतं. १९८७ मध्ये ती वारली. तिचा सांभाळ करणारी मुलगी यास्मिन आगा खान पुढे या आजारासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली.

आजाराची व्याप्ती मोठी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. डिमेन्शिया हे लक्षणांच्या समूहाचं नाव. त्यामागची कारणं अनेक, आणि त्यांत अल्झायमरचा वाटा ६० ते ७० टक्के. उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल वगैरे प्रकार येतात. अनेकदा दोन कारणं एकाच मेंदूत नांदतात.

अल्झायमरमध्ये बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींबाहेर साचतं आणि टाऊ नावाचं प्रथिन पेशींच्या आत गुंतत जातं. ही सुरुवात लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी झालेली असते. सुरुवातीलाच ज्यांना धक्का बसतो त्या भागांत हिप्पोकॅम्पस येतो. त्याचं काम दुकानातल्या रोजकीर्द लिहिणाऱ्या मुनिमासारखं: दिवसभरात जे घडलं ते टिपायचं, म्हणजे पुढे ते कायमच्या खतावणीत जातं. मुनीम आजारी पडला की आजची नोंदच होत नाही, पण जुनी खतावणी बराच काळ शाबूत राहते. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि चौथीतल्या गुरुजींचं नाव आठवतं. ‘जुनं सगळं आठवतं, मग आत्ताचं कसं नाही? नाटक आहे!’ हा घरोघरी होणारा आरोप या एका माहितीने निकालात निघायला हरकत नाही.

विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा रुग्ण नसतो. थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही झोपेची आणि ॲलर्जीची औषधं, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त यांमुळेही माणूस गोंधळतो. आणि हे बरंच उपचारांनी सुधारतं. ब जीवनसत्त्वापैकी बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते, तीही तपासायलाच हवी. निदानाच्या वाटेवर रक्ततपासणी, मेंदूचा एमआरआय आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या असतात, त्या याचसाठी.

औषधांबद्दल बोलताना आशा आणि हिशेब दोन्ही हवेत. डोनेपेझिल १९९६ पासून अमेरिकेत वापरात आहे, मेमँटिन त्यानंतर आलं. ही औषधं काही रुग्णांत लक्षणं काही काळ थोडी सावरून धरतात, आजार थांबवत नाहीत. २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती अमायलॉइडची पुटं काढून टाकतात आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात घसरणीचा वेग कमी करतात. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत हा फरक २७ टक्के होता. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करावा लागतो. मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी ही औषधं नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात मात्र टाळता येण्याजोगी चौदा कारणं आहेत, आणि ती सगळी हाताळली तर ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असं म्हटलंय. यादीत कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आणि बहिरेपण आहे. वडिलांच्या कानाला यंत्र लावण्याचा खर्च पुढे ढकलणाऱ्या घरांनी हे वाचून ठेवावं.

निदान होऊन चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांचं बरंचसं काम संपतं. घरच्यांचं तिथून सुरू होतं, आणि ते चार ते आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालतं. या काळात काय करायचं हे कोणी शिकवत नाही. संस्कार चांगले असले, माया असली की ते आपोआप जमतं, अशी आपल्याकडची समजूत आहे. जमलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. अंघोळीचंच पाहा.

फ्लॅटमधली बाथरूम. गुळगुळीत थंड फरशी, डोक्यावर अचानक सुरू होणारा शॉवर, आणि आपले कपडे काढू पाहणारी एक बाई, जी आपली मुलगी आहे हे या क्षणी आठवत नाहीये. ऐंशी वर्षांची बाई इथे किंचाळली, तिने हात उगारला, तर त्यात नवल काय? जाणत्या मावशी हेच काम वेगळ्या रीतीने करतात. बादलीत गरम पाणी आधीच काढून ठेवतात, आवाज नको म्हणून. स्टूल ठेवतात, खाली रबरी मॅट. खांद्यावर टॉवेल राहू देतात, म्हणजे उघडं वाटत नाही. तांब्या आजींच्याच हातात देतात, कारण बादली आणि तांब्या हाताला सत्तर वर्षांपासून माहीत आहेत, शॉवर नाही. सुरुवात पायांपासून. सूचना एका वेळी एकच: ‘पाय पुढे करा’, ते झालं की पुढची. आजी नाहीच म्हणाल्या तर हुज्जत न घालता बाहेर येतात, चहा करतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. तोवर आधीचा नकार विसरलेला असतो. आणि एखादा दिवस अंघोळ झाली नाही, ओल्या फडक्याने अंग पुसलं, तर काही बिघडत नाही. या सगळ्यात प्रेम आहेच, पण त्याहून जास्त निरीक्षण आणि सराव आहे.

हुज्जत न घालण्यामागे शास्त्रही आहे. आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखी आणि मग आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते नीटसं सांगता येईना, कोणाकोणाला तर काही पाहिल्याचंच आठवेना. पण मनाची अवस्था मात्र अर्ध्या तासापर्यंत तशीच होती. प्रसंग पुसला जातो, भावना मागे उरते. रागावलेला शब्द आईच्या लक्षात राहत नाही, म्हणून तो लागत नाही, असं समजणं चूक आहे. दुपारभर ती खिन्न बसते, आणि का ते तिलाही सांगता येत नाही.

यातूनच घरातला सर्वांत अवघड पेच उभा राहतो. ऐंशीची आई विचारते, ‘अप्पा न्यायला आले का?’ तिचे वडील जाऊन चाळीस वर्षं झालीत. खरं सांगावं, तर ती बातमी तिला पहिल्यांदाच कळते आणि ती हंबरडा फोडते. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. खोटं बोलू नये, असं ज्या आईने शिकवलं, तिच्याशीच खोटं कसं बोलायचं, म्हणून मुलं अडतात. मधली वाट सापडते ती प्रश्नामागचं मन ओळखल्यावर. ‘अप्पांची आठवण येतेय का? ते काय आणायचे गं तुझ्यासाठी?’ एवढं विचारलं की आई माहेरच्या अंगणात पोचते आणि बोलत राहते. इथे खोटं काहीच बोललं गेलेलं नाही.

दिवेलागणीची वेळ बहुतेक घरांत वाईट जाते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, शरीर थकतं, आणि स्वतःच्याच घरात बसलेला माणूस ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराकडे धावतो. ‘हेच तुमचं घर’ हे उत्तर इथे कामाचं नाही. अंधार पडण्याआधी सगळे दिवे लावणं, चपला घालून इमारतीला एक फेरी मारून परत येणं, याचा उपयोग होतो; परतल्यावर तेच घर बरेचदा ‘घर’ वाटतं. आरशातला म्हातारा परका वाटून भीती वाटत असेल तर आरशावर कापड टाकावं. गॅसचा कॉक रात्री बंद, दाराची कडी नेहमीच्या नजरेच्या वर, खिशात पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी. आणि एखाद्या दिवशी अचानक वागणं फारच बिघडलं, तर आजार वाढला असं धरून न चालता लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कुठे दुखतंय का, हे आधी पाहावं. ज्याला सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं.

काय गेलं याची यादी घरचे रोज करतात. काय उरलंय याची फार कमी लोक करतात. हातांची स्मृती मेंदूत वेगळ्या जागी राहते, म्हणून ती उशिरापर्यंत टिकते. नातवाचं नाव न आठवणारी आजी मांडीवर कापूस घेऊन तासभर सुबक वाती वळते. मटार सोलते, तांदूळ निवडते. नव्वदीतले आजोबा रामरक्षा अथपासून इतिपर्यंत न अडखळता म्हणतात, औटकीचा पाढा म्हणतात. वाती रोज लागत नसतील तरी वळू द्याव्यात. संध्याकाळी त्यांतला कापूस सोडवून उद्यासाठी ठेवणारी घरं आहेत.

हे वाचताना सगळं काही गोड आहे, असं वाटून घेऊ नये. संडास भिंतीला फासलेला असतो. शांत स्वभावाचे वडील घाणेरडी शिवी देतात, नको तिथे हात लावतात. पंधरा मिनिटांत एकच प्रश्न वीसदा येतो. रात्री तीनला माणूस ऑफिसला जायला तयार होऊन उभा राहतो. सांभाळणारं माणूस कधीतरी ओरडतं, ओढतं, एखादा फटका देतं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडतं. ‘हे आता संपू दे’ असा विचार मनात आला म्हणून वर्षानुवर्षं अपराधी वाटून घेणाऱ्या मुली आणि बायका अनेक आहेत. तो विचार थकव्यातून येतो, आणि तो बहुतेकांच्या मनात येऊन गेलेला असतो.

हे काम कोण करतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार डिमेन्शियाच्या देखभालीतले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात, आणि २०१९ मध्ये या आजाराचा जगभरचा जो १.३ लाख कोटी डॉलरचा खर्च मांडला गेला, त्यातला निम्मा हा घरच्यांच्या बिनपगारी कामाचा होता. आपल्या घरांत ती सून असते, माहेरी राहिलेली मुलगी असते, नाहीतर स्वतः गुडघे धरून चालणारी पंचाहत्तरीची बायको. भाऊ कॅलिफोर्नियात किंवा बंगळुरूत. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. आई पावडर लावून बसते, दहा मिनिटं छान हसते, ‘मी मजेत, तू कसा आहेस’ म्हणते. फोन ठेवताना भाऊ बहिणीला म्हणतो, ‘अगं, चांगली तर आहे की! तू उगाच टेन्शन घेतेस.’ थोडा वेळ उसनं भान आणून चारचौघांत निभावून नेणं या आजारात बराच काळ जमतं. त्याची किंमत फोन बंद झाल्यावर मोजली जाते, आणि ती मोजायला भाऊ तिथे नसतो.

सांभाळणाऱ्याला आधार दिला तर काय होतं, याचा पुरावा गोव्यातच आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक चाचणी केली; ती २००८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या कुटुंबांकडे प्रशिक्षण दिलेले गृहसल्लागार जात. ते डॉक्टर वा परिचारिका नव्हते. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारी साधी, कोकणी बोलणारी माणसं होती. आजार म्हणजे काय ते समजावणं, अंघोळ-जेवणाच्या युक्त्या सांगणं, इतर नातेवाइकांना कामाला लावणं, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणं आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणं, एवढंच त्यांचं काम. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण ठळकपणे कमी झाला होता. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी ४०६ जोडीदारांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात समुपदेशन आणि आधारगट मिळालेल्या कुटुंबांनी रुग्णाला संस्थेत ठेवण्याची वेळ सरासरी दीड वर्षाने पुढे ढकलली. दोन्हीकडे आजारावर काही नवं औषध दिलं नव्हतं. सांभाळणाऱ्याला शिकवलं आणि त्याला एकटं पडू दिलं नाही.

भारतात हे काम संघटितपणे सुरू झालं ते केरळमधून. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली तिथे स्थापन झाली. तिच्या शाखा आज मुंबईसह अनेक शहरांत आहेत. गरज आणि सोय यांतलं अंतर मात्र फार मोठं आहे. दिवसभर रुग्णाला ठेवता येईल अशी केंद्रं मोठ्या शहरांतही मोजकीच. तालुक्याच्या गावी ‘ब्यूरोची बाई’ हाच पर्याय, तोही मिळाला तर. बारा किंवा चोवीस तासांसाठी येणाऱ्या या मावशींना डायपर बदलता येतो, बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलता येते. पण या आजाराविषयी त्यांना कोणीच काही सांगितलेलं नसतं. चोरीचा आळ पहिल्यांदा त्यांच्यावरच येतो. त्यांना पहिल्या दिवशी समोर बसवून आजार समजावून सांगणाऱ्या घरांत त्या टिकतात. न सांगणाऱ्या घरांत दर महिन्याला नवी मावशी.

पैशांचं आणि कागदांचं बोलणं आपल्याकडे अशुभ मानलं जातं, आणि तिथेच कुटुंबं सर्वांत जास्त अडकतात. बँकेत सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडते. ‘बाबांनी मुखत्यारपत्र दिलंय, काळजी नाही’ असं समजणाऱ्यांनी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २०१ वं कलम पाहावं: मुखत्यारपत्र देणारा विकल मनाचा झाला की त्या कलमानुसार अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी ते हवं असतं, त्याच दिवशी ते निकामी होतं. पुढचा मार्ग न्यायालयातून पालक नेमून घेण्याचा. मृत्युपत्रालाही जाणतं मन लागतं. म्हणून संयुक्त खातं, नामांकन, डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र आणि शेवटच्या उपचारांबाबतची इच्छा हे सगळं निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच व्हायला हवं, आणि रुग्णाला विचारून. आरोग्यविमा रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी २०२४ मध्ये खुली झालेली आयुष्मान योजनाही त्याला अपवाद नाही. या आजाराचा खरा खर्च घरात होतो.

सांभाळ कोणी करायचा, हे ठरलेलं नसलं की काय होतं, ते मुंबईने एका मोठ्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय. १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे, १९७४ चा रेल्वेसंप उभा करणारे, अनेक भाषांत सभा गाजवणारे जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमरने गाठलं. ते कोणाकडे राहणार, त्यांना कोण भेटणार, यावरून पत्नी, भाऊ आणि जुन्या सहकारी यांच्यातला वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. २९ जानेवारी २०१९ रोजी फर्नांडिस गेले. न्यायालयाच्या दारात न पोचलेली अशीच भांडणं कितीतरी घरांत चालू असतात.

मराठी प्रेक्षकांना हा आजार जवळून दिसला तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्ती पाहून त्याच्यामागे निघून जातात. मुलगी शहरभर शोधत फिरते. इकडे माहुताची बायको त्यांना लेकरासारखं खाऊपिऊ घालते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माहुताच्या बायकोसमोर फक्त आजचा म्हातारा आहे. मुलीसमोर तिचा सगळा बाप उभा आहे, त्याची विद्वत्ता, त्याच्या चुका, जुने राग. परक्या मावशीकडून आजोबा शांतपणे जेवतात आणि लेकीला मारतात, याचं कोडं अनेक घरांना पडतं. मावशीला ते पूर्वी कसे होते याच्याशी देणंघेणं नसतं, हे त्याचं अर्धं उत्तर.

शेवटच्या टप्प्यात गिळणं अवघड होतं. नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न बहुधा रात्री, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, घाईत विचारला जातो. अंतिम टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा छातीतला संसर्ग टळतो, असा पुरावा मिळालेला नाही. वृद्धवैद्यकातले तज्ज्ञ चमच्याने, हळूहळू, झेपेल तेवढं भरवण्याचा सल्ला देतात. हे आधीच बोलून ठेवलेलं असेल, तर त्या रात्री भावंडं एकमेकांवर ओरडत नाहीत.

या पुस्तकातली प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय, त्यांनी कागदपत्रांचं प्रकरण आधी वाचावं, कारण त्याची मुदत सरत असते. ज्यांच्या रात्री जागरणात जाताहेत, त्यांनी झोप आणि दिवेलागणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. अगदीच काही सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आतल्या मुखपृष्ठावर दिलेत. दोन्ही फ्रिजवर लिहून ठेवावेत. लांब राहणाऱ्या भावंडांसाठी वेगळं प्रकरण आहे. मात्र ते वाचण्याआधी त्यांनी सुट्टी काढून एक आठवडा घरी यावं, सांभाळणाऱ्या बहिणीला किंवा वहिनीला गावाला पाठवून द्यावं आणि ते सात दिवस एकट्याने काढावेत. त्यानंतर पैसे कोणी किती द्यायचे आणि पाळी कोणाची कधी, ही चर्चा बरीच सोपी होते.